नांगी नसलेला विंचू

हट्टा गावच्या संतरामला जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची आणि ती गोष्ट त्याच्याच घरात चुलीपुढं बसून भाकरी थापत असायची. त्याची बायको गोजरबाई. माणूस लाखातलं, पण तोंड! सकाळी उठल्याबरोबर मशेरीची चिमूट डाव्या गालात गेली की तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. दूध कमी देणाऱ्या म्हशीपासून तो निघायचा आणि उशिरा उठणाऱ्या पोराला, सुनेच्या मोबाइलला, गावच्या सरपंचाला स्पर्श करत शेवटी संतरामवर येऊन थांबायचा. संतराम खाली मान घालून चहा प्यायचा आणि पट्टा संपायच्या आत शेताकडं सटकायचा.

तिच्यावर उलटवार करायला त्याच्याकडं एकच हत्यार होतं, तिच्या डाव्या हातावरचा विंचू. ती परकरात असताना तिच्या मायनं औंढ्याच्या जत्रेत तो गोंदवून घेतला होता. गोंदणारणीनं आठ पाय काढले, पुढचे आकडे काढले, शेपटीची कमानही अर्धीअधिक काढली. नांगी काढायची वेळ आली आणि पोरीनं हिसका देऊन हात सोडवला, ती जी पळाली ती थेट बैलगाड्यांच्या मागं जाऊन लपली. गोंदणारणीला तिची जवारी आधीच मिळाली होती, ती कशाला शोधत बसते? विंचू बांडाच राहिला.

लग्नात हळदीच्या वेळी संतरामनं तो पहिल्यांदा पाहिला. चार माणसांत बोलायची सोय नव्हती, पण मांडवाचे डहाळे वाळायच्या आत त्यानं बायकोला विचारलंच, "तुझ्या इच्चवाची नांगी कुठं गेली?"

नवी नवरी वर न पाहता म्हणाली, "तोंडात हाये. दावू का?"

तेव्हापासून हा सवाल आणि हा जवाब त्यांच्या घरात चालत आला होता. पोरगा विजयकुमार झाला, वाढला, त्याची बायको पुनम घरात आली, तरी चालूच होता. भांडण फार वाढलं की संतराम हळूच म्हणायचा, "नांगी नसलेला इच्चू!" मग गोजरबाई हातातलं लाटणं उगारायची आणि हसू दाबायला तोंड फिरवायची. भांडण तिथंच मिटायचं.

गेल्या दिवाळीनंतर मात्र गोजरबाईचं तोंड कमी चालायला लागलं. म्हशीवर दोन शब्द, सरपंचावर एकही नाही. संतरामला वाटलं, बाई वयानं निवळली. खरं सांगायचं तर त्याला ते आवडलंच. तो चहा पुरता पिऊन, वर पान खाऊन मगच शेतात जायला लागला. या सुखाची त्याला पुढं इतकी लाज वाटली की बोलायची सोय नाही.

पुनमच्या लक्षात आलं ते वेगळंच होतं. सासूबाई भाकर दुधात भिजवून खात होत्या, तीही उजव्याच बाजूनं. जांभई द्यायची झाली तरी तोंड पुरतं उघडत नव्हतं. एक दिवस तिनं हट्टानं तोंड उघडायला लावून बघितलं, तर मशेरी जिथं ठेवायच्या तिथंच गालाच्या आत जखम होती. तिनं कुणाला न विचारता सासूला एसटीत घालून वसमतला दातांच्या डॉक्टराकडं नेलं. डॉक्टरानं बघितलं, फार बोलला नाही, चिठ्ठी देऊन नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं तुकडा तपासला आणि निघायचं तेच निघालं. कॅन्सर.

संतरामला आठवत राहिलं की बाई दुखणं गिळून गप्प होती आणि आपण पान खात होतो.

नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन करणारे प्रज्ञेश डॉक्टर वसमतकडचेच निघाले. वय बेताचं, बोलणं आपल्यातलं. त्यांनी संतराम, गोजरबाई आणि पुनम यांना समोर बसवून सगळं समजावलं.

"गाठ वेळेत सापडली आहे, काकू. गालाचा आतला भाग काढावा लागेल. तिथं खड्डा ठेवता येत नाही, नाहीतर गाल आवळून जाईल आणि तोंड उघडणारच नाही. म्हणून हातावरचं कातडं काढून तिथं लावायचं."

"म्हंजे ठिगळच की वो," संतराम म्हणाला.

"ठिगळ नाही, काका. हे जितं राहिलं पाहिजे. कातड्याबरोबर त्याच्या रक्ताच्या नसाही काढायच्या आणि मानेतल्या नसांना जोडायच्या. रोप मुळासकट काढून दुसऱ्या वाफ्यात लावतो तसं. एका नसेतून रक्त आत येतं, दुसरीतून बाहेर जातं. दोन्ही चालू राहिल्या तर ते कातडं तिथं नांदतं."

असं म्हणून त्यांनी गोजरबाईचा डावा हात हातात घेतला. मनगट दाबून तळव्याचा रंग कसा परततो ते बघितलं, समाधानानं मान हलवली आणि पदर कोपराकडं सारला. तिथं विंचू होता. नेमका त्याच जागेवर.

गोजरबाईनं हात हिसकून घेतला. औंढ्याच्या जत्रेत घेतला होता तसाच.

"ह्यो हात न्हाई."

"उजवा कामाचा हात आहे काकू, तो नको."

"उजव्यावर तुळस गोंदलेली हाये. तो तर न्हाईच न्हाई. पायाचं काढा, पाठीचं काढा."

"ते जाड पडतं. गालाला हेच बरं, पातळ आणि मऊ."

गोजरबाईनं पदराखाली हात झाकून घेतला. मग ती डॉक्टरांशी नाही, जमिनीशी बोलल्यासारखी बोलली. "माझी माय म्हणायची, मेल्यावर सोनं काढून घेत्यात, पाटल्या काढून घेत्यात, अंगावरचं लुगडंसुदिक आपलं ऱ्हात न्हाई. गोंदण तेवढं संगं येतं. ते कापून टाकल्यावर म्या तिला काय तोंड दावू?"

पुनमचे डोळे भरून आले. प्रज्ञेश डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"माझी आजीही हेच सांगायची," ते म्हणाले. "पण काकू, मी ते टाकणार कुठं आहे? मी त्याची जागा बदलणार. आज हातावर आहे, उद्या गालात राहील. तुमचं तुमच्याजवळच."

गोजरबाईनं पदराआड विंचवावरून बोट फिरवलं. "इच्चू तोंडात?"

"तोंडात."

"जित्ता?"

"जिता राहावा म्हणूनच तर सगळी खटपट. त्यात तुमची मदत लागेल. मशेरी आजपासून बंद. तंबाखूनं नसा आकसतात आणि इतक्या बारीक नसा आकसल्या तर रक्त पोचणारच नाही. ऑपरेशननंतर मान वाकडी करायची नाही, मानेला काही आवळून बांधायचं नाही, कारण जोड तिथंच असतो. आणि आम्ही रंग बघत राहणार. गुलाबी असलं की सगळं ठीक. बाहेर जाणाऱ्या नसेवर दाब आला तर रक्त तुंबतं, कातडं निळं पडतं, फुगतं. ते लवकर कळलं तर वाचवता येतं."

"आन् न्हाई कळलं तर?"

"तर ते मरतं. मग काढून टाकावं लागतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी शब्द गोड करायचा प्रयत्न केला नाही, आणि गोजरबाईला बहुतेक तेच पटलं. तिनं पदराखालचा हात बाहेर काढून टेबलावर ठेवला.

मशेरीचा डबा पुनमनं उकिरड्यात पुरला. गोजरबाई काही दिवस घरभर चिडत फिरली, एकदा म्हणे उकिरड्यापर्यंत जाऊनही आली, पण रिकाम्या हातानं परतली. तिकडं शेतात हळद काढायला आली होती. विजयकुमारला हळद शिजवायच्या धांदलीतून हलता येईना, म्हणून दवाखान्यात राहायला संतराम आणि पुनमच गेले.

ऑपरेशनच्या सकाळी तिला आत न्यायला ढकलगाडी आली. गोजरबाईनं नवऱ्याला खुणेनं जवळ बोलावलं. त्याला वाटलं, म्हशीबद्दल काहीतरी सांगणार.

"माझ्या इच्चवाकडं ध्यान ठेवा," ती म्हणाली.

संतरामच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं, पण ते बाहेर पडेना. त्यानं नुसती मान हलवली. पुढं त्याला वाटत राहिलं, तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तिला जाताना हसू तरी आलं असतं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले ते दमलेले, पण चेहरा मोकळा. गाठ पुरती निघाली होती, केसाहून बारीक दोऱ्यानं नसा जोडल्या होत्या आणि विंचू गालात बसला होता. हातावर जिथून कातडं काढलं तिथं मांडीची पातळ साल लावली होती. नर्सिंगच्या पोरींना त्यांनी बजावलं, "गालात निळं दिसेल, ते गोंदण आहे. घाबरून जाऊ नका." पोरींना याची मोठी गंमत वाटली. तोंडात विंचू असलेल्या आजी म्हणून गोजरबाई दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या मजल्यावर माहीत झाली.

संतराम मात्र आत गेला नाही. म्हणजे दारापर्यंत गेला, लांबून सुजलेला चेहरा, नाकातली नळी आणि पट्ट्या पाहिल्या आणि परत बाकावर येऊन बसला. रानात साप निघाला तर हातात काठी घेऊन पुढं होणारा माणूस, पण बायकोचं ते उघडं तोंड बघायची त्याची छाती होईना. गोजरबाईला बोलता येत नव्हतं. जन्मभर जिच्या बोलण्याला भ्यालो, तिच्या गप्पपणाला आपण जास्त भितो, हे त्याला त्या बाकावर कळलं.

पुनम आत-बाहेर करायची आणि त्याला बातमी द्यायची. "मामा, इच्चू आडवा झालाय. त्याचं तोंड घशाकडं अन् शेपूट ओठाकडं. मस्त गुलाबी कातडं हाये. तुमी बघा की येकदा."

"बघतो, बघतो," संतराम म्हणायचा आणि चप्पल चाचपत बसायचा.

पुढच्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळी औंढ्याहून त्याची थोरली बहीण भिकाबाई आली. पिशवीत नागनाथाचा अंगारा, खोबरं आणि भावजयीसाठी शिऱ्याचा डबा. नाकात नळी असलेल्या बाईला शिरा कसा चालेल, हा विचार तिच्या मायेला शिवला नव्हता. पुनम औषधं आणायला खाली गेली होती. आत जायचा पास एकच, तो संतरामच्या खिशात. त्याला आयतीच पळवाट सापडली.

"तूच जा आक्का," त्यानं पास तिच्या हातात दिला.

भिकाबाई आत गेली, बऱ्याच वेळानं डोळे पुसत, पण समाधानानं बाहेर आली. "संत्या, आरं किती गार करून ठेवलीय ती खोली! अन् गोजरीचं डोस्कं उघडं, कान उघडे! वारं शिरलं म्हंजे? म्या बराबर बंदोबस्त करून आले."

संतरामनं विचारलं नाही की कसला बंदोबस्त. आजारी माणसाच्या कानाला वारं लागू नये एवढं त्यालाही कळत होतं. दोघं बहीणभाऊ बाकावर बसून हळदीच्या भावाचं बोलत राहिले.

घटकाभरानं आतून एक नर्स बाहेर आली. नवी दिसत होती, दुपारीच कामावर आलेली, नाव ऐश्वर्या. "गोजरबाईंचं कोण आहे? बाबा, तुम्ही का? आजी केव्हाच्या हातवारे करतायत, मला काही कळंना. जरा आत या."

संतरामनं इकडं तिकडं पाहिलं. पुनम नव्हती. आता पळवाट नव्हती. तो देवळात शिरल्यासारखा चपला काढून आत गेला आणि फरशीकडं बघतच पलंगापर्यंत पोचला.

गोजरबाई उशीला टेकून बसली होती. डोक्यावरून शाल, ती हनुवटीपर्यंत घट्ट लपेटलेली. नवऱ्याला पाहून तिनं उजव्या हाताचं बोट तोंडाकडं नेलं, मग गळ्याकडं, परत तोंडाकडं.

"दुखतंय का विचारलं तर नाही म्हणतात," ऐश्वर्या म्हणाली. "मी आत्ताच बघितलं, सगळं ठीक आहे. ते निळं दिसतंय ते गोंदण आहे, सरांनी सांगून ठेवलंय. तुम्हीच बघा, म्हणजे आजींना धीर येईल." तिनं गालाची कड हलक्या हातानं ओढली आणि टॉर्च लावली.

बघण्यावाचून इलाज नव्हता. संतरामनं जीव मुठीत धरून पाहिलं.

आणि त्याला विंचू दिसला. ओळखीचाच. आठ पाय, पुढचे आकडे, हिरवट पडलेले ठिपके. कुठल्या कुठं येऊन पडलेलं आपल्या गावचं माणूस भेटावं तसं त्याला झालं. मानगुटीवर बसलेली भीती उतरली. त्याची नजर सवयीनं शेपटीवर गेली, अर्धवट कमानीवर. तिथं शेपूट संपत नव्हती. ती ओठाच्या बाजूला पुढं गेली होती, जांभळीनिळी, फुगीर, आणि टोकाला वळली होती.

"आत्ता फुटली का नांगी!" एवढं वाक्य त्याच्या तोंडातून निघूनच गेलं, थट्टेच्या सुरात, चाळीसेक वर्षांच्या सवयीनं. आणि मग त्यानं ती शेपूट परत नीट पाहिली.

"बाई," तो ऐश्वर्याला म्हणाला, "ह्या इच्चवाला नांगी न्हाई."

"काय?"

"नांगी गोंदलीच नव्हती वो! ती हात सोडवून पळाली व्हती. ह्यो बांडा हाये. हे जे पुढं निळं दिसून राहिलं, ते गोंदण न्हाई. ते नवं हाये!"

ऐश्वर्या पोर हुशार. तिनं वाद घातला नाही की समजूत घालत बसली नाही. हातमोज्याच्या बोटानं तिनं ती जागा दाबली, सोडली, परत टॉर्च धरली आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. "सर, लगेच या. निळं पडतंय, आणि ते गोंदण नाही." बोलता बोलता तिनं गोजरबाईची शाल दूर केली.

खाली दस्ती होती. भिकाबाईची मोठी चौकडीची दस्ती, उन्हात जाताना डोक्याला बांधायची ती. कानांवरून घेऊन डाव्या जबड्याखाली तिची अशी करकचून गाठ मारली होती की बैलाचं दावं सुटेल पण ती सुटणार नाही. ऐश्वर्यानं गाठ सोडवायचा नाद केला नाही, कात्रीनं सरळ कापली.

प्रज्ञेश डॉक्टर धावतच आले. त्यांनी टाके बघितले, मानेची पट्टी सैल केली, गालातल्या कातड्याला बारीक सुई टोचली. काळपट रक्ताचा थेंब आला. "थांबू या थोडं," ते म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. संतरामही उभा राहिला. आता त्याची नजर त्या तोंडावरून हलत नव्हती. गोजरबाई त्याच्याकडं बघत होती आणि तो विंचवाकडं. मनातल्या मनात त्यानं नागनाथाला, गोंदणारणीला, मेलेल्या सासूला, सगळ्यांना एकदमच हात जोडले.

हळूहळू नांगी फिकी झाली. आधी टोक गेलं, मग वळण गेलं. फूग उतरली. डॉक्टरांनी परत सुई टोचली. या वेळी लालभडक थेंब आला आणि डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

"वाचलं," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत असंच राहिलं असतं तर परत थेटरात न्यावं लागलं असतं. तरीही हाती लागलं असतंच असं नाही."

संतराम पलंगाच्या कडेला मटकन बसला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. गोजरबाईनं उजवा हात पुढं करून त्याच्या डोक्यावरची टोपी सरळ केली. बोलता येत नव्हतं, नाहीतर त्याला नक्की काहीतरी ऐकावं लागलं असतं.

बाहेर भिकाबाईला कळल्यावर तिनं कपाळ बडवून घेतलं. "म्याच मारलं असतं की वो तिला! नाती जपायला आले अन् गळा आवळून बसले!" प्रज्ञेश डॉक्टर तिच्याशेजारी बाकावर बसले. म्हणाले, "आत्या, तुम्ही मायेनं केलंत. मानेला बांधायचं नाही हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता तुम्हाला माहीत झालं, आता तुम्हीच राखण करा."

डॉक्टर बोलून गेले आणि पस्तावलेल्या भिकाबाईनं ते मनावर घेतलं. ती औंढ्याला परत गेलीच नाही. भेटायच्या वेळी दाराशी ठाण मांडून बसायची आणि हट्ट्याहून कोणी आलं की आधी त्याचा रुमाल, मफलर, उपरणं काढून घ्यायची. कुणाच्या तोंडाला तंबाखूचा वास आला तर त्याला दारातूनच परत. गावचे सरपंच आले, त्यांच्या गळ्यातलं उपरणंही तिनं उतरवून मांडीवर घेतलं. गोजरबाईनं आतून ते पाहिलं आणि पट्ट्यांच्या आत तिला हसू आवरेना.

डॉक्टरांनी सगळ्या पोरींना नव्यानं सांगितलं, "हा विंचू बांडा आहे. नांगी दिसली की मला बोलवायचं." आणि संतराम आता रोज आत जायला लागला. सांगावं लागत नव्हतं. पास त्यानं कुणाला दिला नाही.

घरी आल्यावर जखम भरली, पुढं नांदेडला जाऊन येऊन किरणांचे शेकही झाले. त्या शेकांनी बाई फार थकली, तोंड आलं, चव गेली, पण तेही सरलं. विजयकुमारनं हळद वाळवून वसमतला नेली. उन्हाळा संपता संपता गोजरबाई वरणात कुस्करलेली भाकर खायला लागली. बोलणं आधी जाडसर यायचं, गालात घास धरून बोलल्यासारखं. मग ते सुटं व्हायला लागलं. प्रज्ञेश डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कातडं छान रुजलं आहे, तोंडही बऱ्यापैकी उघडतंय, दर महिन्याला दाखवायला या.

सगळं चांगलं होतं. तरी गोजरबाई खूश नव्हती.

कारण घरातली माणसं बिघडली होती. पोरगा लवकर उठत होता. सून मोबाइल बाजूला ठेवून "हो मामी, व्हय मामी" करत होती. आणि संतराम तर पाहवत नव्हता. ती काही बोलली की मान डोलवायचा, ताट उचलून मोरीत ठेवायचा, पांघरूण पायावर घालायचा. सकाळी चहा झाल्यावर तो रानात न्यायची बॅटरी घेऊन यायचा, तिला ओट्यावर उजेडाला बसवायचा, तोंड उघडायला लावायचा आणि मोठ्या डॉक्टरासारखा तोंड गंभीर करून बघायचा. "ठीक हाये," म्हणायचा. बस्स, एवढंच. थट्टा नाही, वाकडा शब्द नाही.

एक दिवस तिनं मुद्दाम चहात साखर घातली नाही. संतरामनं तो बिनबोभाट पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या बहिणीचा विषय काढला, दस्तीवरून चार शब्द सुनावले. "व्हय, बराबर हाये तुझं," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो बॅटरी घेऊन आला तेव्हा गोजरबाईनं तोंड उघडलंच नाही. हाताची घडी घालून बसली. डाव्या हातावर, जिथं विंचू होता, तिथं आता मांडीच्या कातड्याचा गुळगुळीत चौकोन होता.

"आ कर की," संतराम म्हणाला.

"न्हाई करत."

"काहून? तकलीफ होऊन राहिली का?"

"व्हय, तकलीफच होऊन राहिली!" गोजरबाईचा पट्टा असा सुटला की शेजारच्या म्हशीनं मान वर करून पाहिलं. "म्या जित्ती हाये का मेले? मेलेल्या माणसाला कोणी उलटून बोलत न्हाई, तसे वागून राहिले सगळे! बिनसाखरेचा च्या पितो, बहिणीला नावं ठेवली तर व्हय म्हणतो! नवरा हाये का पाव्हणा? त्यो इच्चू जगावा म्हणून इतका आटापिटा केला, अन् आता त्याला येका शब्दानं इचारत न्हाई!"

सगळं बोलणं सुटं आलं होतं. अक्षर न् अक्षर. पुनम दारात येऊन उभी राहिली, तिच्या हातातलं पीठ तसंच. संतराम बॅटरी धरून बघत राहिला. मग त्याला हसू आलं.

"भ्या वाटतं गं मला," तो म्हणाला. "थट्टा केली अन् काही इपरीत झालं तर? त्या दिवशी दवाखान्यात थट्टाच केली व्हती म्या."

"अन् त्याच थट्टेनं वाचले न्हवं म्या," गोजरबाई म्हणाली. "आता बघा नीट."

तिनं तोंड उघडलं. संतरामनं बॅटरी लावली. गुलाबी गालात विंचू आडवा पडला होता, आठ पाय, आकडे आणि अर्धी शेपूट. त्यानं ओठाच्या कडेपर्यंत नीट बघितलं.

"काय दिसतं?" उघड्या तोंडानंच तिनं विचारलं.

"इच्चू हाये."

"नांगी?"

"न्हाई," संतराम म्हणाला.

गोजरबाईनं समाधानानं तोंड मिटलं आणि त्याच्यासाठी साखर घातलेला चहा आणायला उठली.